दिग्दर्शकाचे नाव बातमीत का नसते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंगभूमी दिनाची आपली पुरवणी चांगली झाली. विष्णुदास भावे, गौरवपदक, जुन्या नटांच्या आठवणी, सगळे नीट मांडले होते. पण त्याच आठवड्यात आतल्या पानावर आपल्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या एकांकिकेला बक्षीस मिळाल्याची बातमी होती. तीत संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, सांस्कृतिक विभागप्रमुख आणि ‘मोलाचे सहकार्य लाभले’ अशी आणखी दोन नावे होती. मुलांचीही नावे होती, ते योग्यच झाले. ज्याने ती एकांकिका बसवली त्याचा मात्र पत्ता नव्हता. हे एकदाच घडले असते तर पत्र लिहिले नसते.

मी नोकरी बँकेत केली आणि संध्याकाळी सांगलीच्या हौशी रंगभूमीवर नेपथ्य सांभाळले. त्यामुळे ‘बाहेरचे दिग्दर्शक’ म्हणून बोलावली जाणारी ही मंडळी मी फार जवळून पाहिली. सांगली-मिरज, तासगाव, विटा, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यात नाटकावर पोट असलेले असे काही जण आहेत. ते कुणाच्या नोकरीत नाहीत, कुठल्या एका संस्थेचे नाहीत. बोलावणे आले की जायचे आणि नाटक बसवून द्यायचे, हा त्यांचा धंदा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची धावपळ, त्याला लागून शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव. दिवाळीच्या पुढे-मागे हौशी राज्य नाट्य स्पर्धा. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, मग खुल्या एकांकिका स्पर्धा, चैत्रात एखाद्या गावच्या यात्रेतले नाटक, मे महिन्यात मुलांची शिबिरे. जून कोरडा. वर्ष भरल्यासारखे दिसते खरे, पण यातले एकही काम पुढच्या वर्षी मिळेलच याची खात्री नसते. प्राचार्य बदलले की दिग्दर्शक बदलतो.

काम काय असते ते बातमीत येत नाही म्हणून थोडे सांगतो. तालमीला जागा मिळते ती पाचनंतर रिकामी झालेली एखादी वर्गखोली. बाके भिंतीकडे सरकवायची, फळ्याजवळचा खडू घ्यायचा आणि फरशीवर रंगमंच आखायचा. ज्या नाट्यगृहात प्रयोग व्हायचा तिथले माप सुतळीवर गाठी मारून आणलेले असते. ती सुतळी पसरली की कळते, वर्गखोली रुंदीला चार-पाच फूट कमी पडते. मग दिग्दर्शक मुलांना सांगतो, इथे तुम्ही दोन पावलांत पोहोचता, तिथे चार लागतील, वाक्य त्या हिशेबाने सोडा. ज्याने कधी व्यासपीठावर पाऊल ठेवलेले नाही अशा पोराला विंगेतून येऊन उजेडात थांबायला शिकवायचे. ज्याचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही त्याचा आवाज शेवटच्या रांगेत पोहोचवायचा. मध्येच मुख्य भूमिकेतल्या मुलीच्या घरून निरोप येतो, रात्री उशीर चालणार नाही. मग त्या घरी जाऊन वडिलांशी बोलायचे कामही ‘सरां’चेच. राज्य नाट्य स्पर्धेत तर नाट्यगृह हाती येते ते प्रयोगाच्याच दिवशी. सकाळी सेट चढवायचा, दुपारी दिवे लावायचे, जमली तर एक घाईची रंगीत तालीम आणि संध्याकाळी परीक्षकांसमोर पडदा. त्या दिवशी दिग्दर्शक जेवलेला मी फारसा पाहिलेला नाही.

पैशाचा क्रम ठरलेला आहे. टेम्पोवाल्याला आधी द्यावे लागतात, नाहीतर सेट खाली उतरत नाही. लाइटवाल्याला अर्धे आगाऊ. रंगभूषाकार ब्रश धुण्याआधी पैसे मागतो आणि बरोबर करतो. कपडेपटाला अनामत. लेखकाची परवानगी हवी, म्हणून त्याचे मानधन हल्ली बहुतेक जण देतात. या सगळ्यातून उरले तर दिग्दर्शकाचे पाकीट. ते कधी प्रयोगानंतर महिन्याने मिळते, कधी ‘या वर्षी बजेट नव्हते हो’ या वाक्यासह निम्मेच मिळते. वर ऐकवले जाते, ‘तुमचे नाव होतंय ना.’ आता ते नाव कुठे होते, हे आपले अंक उघडून पाहावे.

मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकात प्रयोगागणिक ठरलेले पैसे असतात, नाटक चालले तर दिग्दर्शकाचेही चालते. आमच्याकडे एकांकिका एकदा बसवून दिली की मुले ती सहा ठिकाणी करतात, रोख बक्षिसे संस्थेच्या खात्यात जमा होतात, दिग्दर्शकाचा संबंध पहिल्या पाकिटाशी संपतो. साताऱ्या-वाईकडे मालिकांची चित्रीकरणे होऊ लागल्यापासून यातले काही जण तिकडे वळले. दोन दिवसांची भूमिका, नाहीतर नवख्या कलाकारांकडून वाक्ये पाठ करून घेण्याचे काम. तिथले पैसे नव्वद दिवसांनी येतात अशी तक्रार असते. पण ते खात्यात येतात आणि सोबत कागद असतो.

हा कागदच माझ्या पत्राचा विषय आहे.

मी बँकेत असताना असेच एक दिग्दर्शक दुचाकीच्या कर्जासाठी माझ्या टेबलापुढे बसले होते. पंचवीसएक वर्षे नाटके बसवलेला माणूस, त्यांच्या हाताखालची पोरे आज पडद्यावर दिसतात. पगारपत्रक नाही. विवरणपत्र भरलेले नाही, कारण उत्पन्न रोख पाकिटात आलेले. कुठल्या महाविद्यालयाचे पत्र आहे का विचारले, तर म्हणाले, ‘पत्र कोण देतंय? फोन येतो, जायचं.’ पिशवीतून त्यांनी कात्रणांची फाइल काढली. मी ती उलटून पाहिली. स्मृतिचिन्ह स्वीकारणारे प्राचार्य, शेजारी संस्थाचालक, मागच्या रांगेत मुले. एका फोटोत हे स्वतः होते, अर्धा चेहरा बॅनरच्या आड, खाली नाव नाही. कर्ज मंजूर झाले नाही. बँकेचेही चुकले म्हणणार नाही. तिला कागद लागतो.

पुढे साठी जवळ आल्यावर त्यांनी राज्य शासनाच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेचा अर्ज भरायला घेतला. या योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि २०२४ पासून दरमहा ५ हजार रुपये मिळतात. वय ५० पूर्ण हवे, कलाक्षेत्रात किमान १५ वर्षे काम केलेले हवे, आणि त्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. नटाकडे जाहिरात असते, फोटोत तोंड असते. गायकाकडे कार्यक्रमपत्रिका असते. लेखकाचे पुस्तक असते. दिग्दर्शकाचे काम दुसऱ्याच्या अंगात जाऊन बसते, त्याचा पुरावा छापील नावाखेरीज दुसरा नाही. फाइल पुन्हा तीच, कात्रणे पुन्हा तीच.

एरवी सांगलीला या गोष्टीची आठवण करून द्यावी लागू नये. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आज्ञेवरून भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा पदे त्यांची, तालीम त्यांची, सूत्रधारही तेच. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आजच्या भाषेत सांगायचे तर मराठीतला पहिला फ्रीलान्स दिग्दर्शक सांगलीचाच. आणि हरिपूरचे देवल. ‘शारदा’ लिहिणारे देवल शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. नटांना पेलेल अशी तालीम देणारे देवल, ज्यांच्या हाताखालून मोठमोठे नट गेले, ते नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांपुरते उरले. लिहिलेले टिकले, बसवलेले विरले.

आता दोष सगळा आपलाच असे मी म्हणत नाही. महाविद्यालयाकडून जे प्रसिद्धीपत्रक येते ते वार्ताहर छापतो, आणि ते पत्रक लिहिणारा साहेबांची नावे वरून खाली उतरवतो. त्यातले एखादे नाव गळले तर त्याची नोकरी अडचणीत येते. दिग्दर्शकाचे गळले तर काही होत नाही. दिग्दर्शक स्वतःही तोंड उघडत नाही, पुढच्या वर्षीचे बोलावणे जाईल ही भीती. शिवाय आमच्या दिग्दर्शक मंडळींतही सगळे संत नाहीत. एकाच हंगामात चार महाविद्यालये घ्यायची, तीच आखणी, तेच संगीत, त्याच जागी तोच लाल दिवा, फक्त पोरे वेगळी, असेही प्रकार चालतात. आपले नाव नाही म्हणून रडणारा दिग्दर्शक आपल्या प्रकाशयोजनाकाराचे नाव सांगायला हटकून विसरतो, हेही पाहिले आहे.

तरीही दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. पहिली, नाटक किंवा एकांकिकेची बातमी आली आणि तीत दिग्दर्शकाचे नाव नसेल तर वार्ताहराने एक फोन करावा. क्रिकेटच्या बातमीत धावा नसल्या तर आपण छापाल का? जागेची अडचण असेल तर ‘मोलाचे सहकार्य’ कापा. कुणाचे काही बिघडणार नाही.

दुसरी, राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावरची परीक्षणे. आपण ती रोज छापता, याबद्दल आभार. पण त्यांचा शेवट वर्षानुवर्षे एकच आहे: ‘नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना पूरक, पार्श्वसंगीत परिणामकारक, दिग्दर्शन ठीक.’ बाकी सगळे परीक्षण कथानक सांगण्यात गेलेले असते. ते कथानक संध्याकाळी बघणाऱ्यांनी बघितले, इतरांना त्यात रस नाही. त्याऐवजी दिग्दर्शकाने काय केले ते लिहा. दुसरा अंक ढिला पडला तर कुणाच्या प्रवेशामुळे पडला, एखादी शांतता धरली ती कशी धरली, पात्रे एकमेकांपुढे येऊन झाकली जात होती का. नावे ठेवा, चालेल. पण नाव घेऊन ठेवा. टीकेचे कात्रणही फाइलमध्ये लागते. पंधरा वर्षे काम केल्याचा तोही पुरावाच.

महाविद्यालयांसाठीही आपल्यामार्फत एक विनंती. दिग्दर्शकाला बोलावताना संस्थेच्या लेटरहेडवर चार ओळींचे पत्र द्या. कुठले नाटक, कुठली स्पर्धा, किती मानधन, केव्हा देणार. पैसे खात्यात भरा. रक्कम लहान असली तरी चालेल, बिचारे कुरकुर करणार नाहीत, सवय आहे. तालमी सुरू होण्याआधीच पत्र हातात पडले तर निम्मे पाकीट देण्याचे धाडसही जरा कमी होईल. आणि स्पर्धा संपल्यावर ‘अमुक यांनी आमची एकांकिका दिग्दर्शित केली’ एवढे प्रमाणपत्र मुलांच्या प्रमाणपत्रांबरोबरच छापून घ्या. छपाईला वेगळा खर्च येत नाही.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली आणि पुन्हा उघडायला २०२१ चा दिवाळीचा सुमार उजाडला. मध्ये थोडी उघडली, पुन्हा बंद झाली. त्या काळात मदत वाटायला निघालेल्या मंडळींनी आमच्याकडे गावातल्या गरजू रंगकर्मींची यादी मागितली. नटांची नावे भराभर आठवली, तंत्रज्ञांची त्यांच्या दुकानांमुळे आठवली. दिग्दर्शकांपाशी आम्ही अडलो. कुणी कुठे काय बसवले हे आमच्यातच दोघांना दोन तऱ्हेने आठवत होते. शेवटी जुने अंक काढून बसलो. अंकांत स्मृतिचिन्ह स्वीकारणारे प्राचार्य सापडले.

राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्राचे प्रयोग आता सुरू होतील. पहिल्याच दिवसाच्या बातमीपासून हे करता आले तर पाहावे. ज्या दिग्दर्शकांविषयी लिहिले त्यांनी मला हे पत्र पाठवू नका असे सांगितले होते, म्हणून त्यांचे नाव इथे मीही दिलेले नाही. त्यांना या हंगामात दोन कामे आहेत.

आपला,
एक जुना वाचक आणि पडद्यामागचा माणूस
विश्रामबाग, सांगली