यादी नको, अडचण सांग : ग्रीकांच्या विश्वोत्पत्तीविषयी एका मित्रास पत्र

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयातल्या व्याख्यानासाठी तू ग्रीकांचा विश्वोत्पत्तीचा विचार निवडलास, फार बरं वाटलं. तुझं टिपण वाचलं. थेलीजचं पाणी, अ‍ॅनॅक्झिमेनीजची हवा, हेराक्लायटसचा अग्नी अशी यादी तू केली आहेस. ती काढून टाक, ही कळकळीची विनंती. अशी यादी ऐकली की श्रोत्यांना वाटतं, प्रत्येकाने आपल्या आवडीचा पदार्थ उचलला. खरं तर ही माणसं आधीच्याच्या मांडणीतली अडचण हेरून नेमकी तिथे काम करत होती. म्हणून आधी अडचण सांग, उत्तर मागून येऊ दे. आणि हेराक्लायटस तर या यादीत बसतच नाही. हे विश्व कुणा देवाने केलं नाही, माणसानेही नाही, ते होतं, आहे आणि राहील, असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय. त्याच्याकडे उत्पत्ती नाहीच.

थेलीजवर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नकोस. त्याचं लिहिलेलं काही आपल्या हाती नाही. अ‍ॅरिस्टॉटलसुद्धा त्याच्याबद्दल ऐकीव माहितीच देतो, आणि पाणीच का, याचं कारण ‘कदाचित’ म्हणून सुचवतो : अन्न ओलं असतं, बीज ओलं असतं. पृथ्वी पाण्यावर तरंगते, असं थेलीज म्हणाल्याचंही तोच सांगतो आणि लगेच विचारतो, मग पाणी कशावर? हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेव. पुढचा सगळा रस्ता तिथूनच फुटतो.

आता अ‍ॅनॅक्झिमँडर. तोही थेलीजसारखा मिलेटस शहराचाच, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, इ.स.पू. 610 च्या सुमारास जन्मलेला. याच्यासाठी मोकळ्या हाताने वेळ ठेव. त्याची पहिली अडचण अशी : मूळ पदार्थ पाणी असेल आणि ते अमर्याद असेल, तर त्याच्या विरुद्ध स्वभावाचा अग्नी जन्मालाच कसा आला? अमर्याद पाण्याने तो केव्हाच विझवला असता. म्हणून मूळ पदार्थ ओळखीच्या पदार्थांपैकी कुठलाच असून चालणार नाही. त्याला तो ‘अपैरॉन’ म्हणतो, म्हणजे ज्याला सीमा नाही ते.

तिथून पुढे तो पायऱ्या देतो, आणि व्याख्यानात नेमक्या याच गाळल्या जातात. अपैरॉनमधून उष्ण आणि शीत यांना जन्म देणारं काहीतरी वेगळं निघालं. पृथ्वीभोवतीच्या हवेवर ज्वाळेचा गोल चढला, झाडावर साल चढते तसा (ही उपमा नंतरच्या लेखकांनी त्याच्याबद्दल केलेल्या जुन्या नोंदीतलीच आहे). मग तो गोल फुटला आणि त्याची चाकं झाली : आत आग, बाहेरून धुक्यासारख्या हवेचं वेष्टण. वेष्टणाला एके ठिकाणी भोक. त्यातून भात्याच्या नळीतून यावी तशी आग बाहेर दिसते, तो आपला सूर्य. भोक बुजलं की ग्रहण. चंद्राच्या कला म्हणजे तेच भोक कमी-जास्त उघडणं. समुद्र म्हणजे सुरुवातीच्या ओलाव्याचा न सुकलेला भाग.

आणि आकडे! पृथ्वी म्हणजे दगडी खांबाचा एक तुकडा, जाडी रुंदीच्या एक तृतीयांश. सूर्याचं चाक पृथ्वीच्या 27 पट, दुसऱ्या नोंदीत 28 पट. चंद्राचं 19 पट. ताऱ्यांची चाकं सर्वांत जवळ. पुष्कळ पुस्तकं ताऱ्यांसाठी 9 आणि चंद्रासाठी 18 छापतात. ती अभ्यासकांनी तिनाच्या पटीवरून बसवलेली संख्या आहे, जुन्या नोंदीत नाही. हे श्रोत्यांना जरूर सांग. आकडे आज चुकीचे ठरतात, पण आकाशातल्या अंतरांना प्रमाण असतं असं धरून चालणं ही त्या काळी केवढी मोठी उडी होती!

फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. पृथ्वी कशावरच टेकलेली नाही. ती सगळ्या बाजूंनी सारख्याच अंतरावर असल्यामुळे अमुक एका दिशेला जायला तिला कारणच नाही. माझ्या मते सबंध ग्रीक विश्वविचारातलं हे सर्वांत धाडसी वाक्य.

मात्र त्याचं म्हणून जे एकमेव वचन उरलंय, पदार्थ एकमेकांवर केलेल्या अन्यायाची भरपाई काळाच्या क्रमाने करतात, ते आपल्याला सिम्प्लिशियस या भाष्यकाराने इ.स.च्या सहाव्या शतकात उतरवून ठेवलं म्हणून मिळालं. मध्ये अकराशे वर्षं गेली. त्यातले कुठले शब्द मूळचे यावर आजही वाद आहे, तेव्हा अवतरणचिन्हं जपून वापर.

अ‍ॅनॅक्झिमेनीज मूळ पदार्थ हवा धरतो, आणि हे मागे जाणं वाटेल. पण अपैरॉनमधून उष्ण-शीत ‘निघाले’ म्हणजे नेमकं काय झालं, हे मोकळंच राहिलं होतं. त्याने तिथे यंत्रणा बसवली : हवा विरळ झाली की अग्नी, दाट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड. ओठ आवळून हातावर फुंकर मार, गार लागते. तोंड उघडून सोड, ऊन लागते. सभागृहात सगळ्यांना करायला सांग. यावरून त्याने ठरवलं की हवा दाटली की गार होते, विरळ झाली की ऊन. फक्त हेही सांग की हा निष्कर्ष उलटा आहे : दाबलेली हवा गार होत नाही, तापते. आवळलेल्या ओठांतून वेगाने येणारी फुंकर भोवतालची गार हवा ओढून आणते आणि त्वचेवरचा ओलावा उडवते.

मग पार्मेनायडीज आला आणि रस्ता अडवून उभा राहिला. जे नाही त्यातून काही येऊ शकत नाही. आणि आलंच असेल तर आधी किंवा नंतर न येता तेव्हाच का आलं? पुढच्यांनी हे मान्य करून वाटा काढल्या. एम्पेडोक्लीजची चार मुळं (माती, पाणी, हवा, अग्नी) जन्मत नाहीत, प्रेम आणि कलह त्यांना फक्त जोडतात, तोडतात. अ‍ॅनॅक्झागोरसकडे सगळ्यात सगळं मिसळलेलं असतं आणि बुद्धी त्याला भोवरा देते. ल्युसिपस-डेमोक्रिटसकडे अणू, पोकळी आणि अणूंचाच भोवरा; त्यात बुद्धीलाही जागा नाही, आणि विश्वं असंख्य.

शेवटी प्लेटोचा ‘टिमेयस’ हा ग्रंथ. इथला विश्व घडवणारा शून्यातून काही घडवत नाही. तो निमित्त कारण आहे, उपादान नव्हे; म्हणजे कुंभारासारखा, मातीसारखा नव्हे. अस्ताव्यस्त असलेल्याला तो आकार देतो, तो त्रिकोणांनी : त्याच चार मूलद्रव्यांचे कण त्रिकोणांचे बनलेले. हे बोलून समजत नाही, करून दाखव. जाड पुठ्ठ्याचे 5 सें.मी. बाजूचे 20 समभुज त्रिकोण काप. चिकटपट्टीने, एका कोपऱ्यात पाच येतील असे जोड : वीस पृष्ठांचा पाण्याचा कण. आता तो फोड. आठ-आठचे हवेचे दोन कण आणि चारचा अग्नीचा एक. एकही त्रिकोण उरत नाही. पाणी तापलं की वाफ का, याचं हे त्याचं उत्तर. मातीचा कण मात्र घन, म्हणजे सहा चौरसांचा ठोकळा. त्याचे चौरस 45-45-90 च्या त्रिकोणांचे, बाकीच्यांची पृष्ठं 30-60-90 च्या. म्हणून माती दुसऱ्या कशातही बदलत नाही. चिकटपट्टी बाहेरून आणि सैल लाव, नाहीतर फोडताना पुठ्ठा फाटतो.

कुणीतरी चाणाक्ष विचारेलच, म्हणून तयार राहा : त्रिकोण जुळतात, पण आकारमान जुळत नाही. फोडल्यावरच्या तीन कणांचं मिळून आकारमान पाण्याच्या कणाच्या निम्म्याहूनही कमी भरतं. अ‍ॅरिस्टॉटलचा आक्षेप वेगळा होता. वजन नसलेल्या पृष्ठांतून वजनदार वस्तू कशी होईल, असं तो विचारतो, आणि तो बिनतोड आहे. पण त्याच ओघात चार पृष्ठांचे कण एकमेकांना लावून जागा पूर्ण भरते, असंही तो म्हणाला. ते चूक. एका कडेभोवती पाच लावले की सुमारे साडेसात अंशांची फट राहतेच.

एक काळजी घे. चार मूलद्रव्यं म्हटली की आपल्याकडे पंचमहाभूतं पटकन तोंडात येतात. अ‍ॅरिस्टॉटलचं पाचवं द्रव्य म्हणजे आपलं आकाश नव्हे. ते चंद्रापासून वरच असतं, वर्तुळातच फिरतं, बाकी चारांत मिसळत नाही. आणि त्याच्या विश्वाला आरंभच नाही, त्यामुळे समारोपाला त्याला ‘उत्पत्ती’खाली घालू नकोस.

टिपण नव्याने लिहिलंस की पाठव. चाकांची आकृती मी काढून देतो. प्रमाणात काढायची तर पृथ्वी 1 सें.मी. धर, म्हणजे सूर्याचं चाक 27 सें.मी. व्यासाचं होईल आणि साध्या कागदावर मावणार नाही, तक्त्याचा मोठा कागद आणून ठेव.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
श्रीधर