मित्रास पत्र: पोरीला कुठला गेम द्यायचा

काय गा दोस्ता,

तुझा मेसेज बघितला. पोरगी दिवसभर फोनवर रंगीत गोळ्या फोडत बसते, वहिनी वैतागलीय, आणि तू मला विचारालायस की तुला यातलं कळतंय तर सांग कुठला गेम बरा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत सांगायला गेलो पण ते काय जमेना, म्हणून आता निवांत लिहितो. तसंही वडगावात सकाळपासून पाऊस कोसळायलाय, उताऱ्याच्या झेरॉक्सला पण कोण येईना, आणि लाईट गेली तर यूपीएसवर हे पत्र तरी पूर्ण होईल.

पहिलं म्हणजे खेळू दे की तिला. आपण काय कमी खेळलो? फक्त गेम बदल. गेम बरा की वाईट हे बघायची माझी एकच रीत आहे, हरल्यावर पोरीला स्वतःला सांगता आलं पाहिजे की ती का हरली. त्या गोळ्यांच्या गेममध्ये हे होत नाही बघ, वरून कुठल्या रंगाची गोळी पडणार हे तिच्या हातात नाही, आणि पाच लाइफ संपले की एकेका लाइफसाठी अर्धा अर्धा तास थांब, नाहीतर पैसे टाक. म्हणजे हरणं पण विकायलाच काढलंय. बाजारात कोण असा धंदा केला तर दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं दारात उभी राहतील.

आता विटा फोडायचा गेम घे. टिळकवाडीच्या सायबर कॅफेत आपण डीएक्स बॉल खेळायचो ते आठवतंय ना, १९९६ चा गेम, ५० बोर्ड, आणि ती कवटी, धरली की आपण खलास, खाली पडायला लागली की तू ओरडायचास "सोड सोड, धरू नको" आणि मालक बाहेरून खेकसायचा. त्यात सगळा खेळ खालच्या पट्टीचा, ती डावीउजवीकडं सरकवून बॉल वर मारायचा आणि विटा फोडायच्या. बॉल पट्टीच्या मधोमध लागला तर सरळसोट वर जातो, कडेला लागला तर तिरका सुटतो, म्हणजे विटेवर नेम धरायचा तो खालूनच. बॉल गेला तर गेला, पण तुला त्याच क्षणी कळतं की आपण लालचेनं वरून पडणाऱ्या बक्षिसाच्या मागं उजवीकडं पळालो आणि बॉल डावीकडं उतरला.

याचा मूळ पुरुष अटारी कंपनीचा ब्रेकआउट, १९७६ चा. पुढं अ‍ॅपल काढणाऱ्या स्टीव्ह जॉब्सला ते काम दिलं होतं आणि त्यानं ते त्याच्या दोस्ताकडून, वॉझ्नियाककडून करून घेतलं, चार दिवसात, रात्रीचा दिवस करून, आणि मिळालेल्या बोनसचं वॉझ्नियाकला सांगितलंच नाही, ती भानगड तुला माहितीच आहे. मला त्यापेक्षा मशीनची गंमत वाटते. पडदा ब्लॅक अँड व्हाइट, आणि विटांना रंग यावा म्हणून काचेवर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या चिकटवलेल्या! आठ ओळी, खालच्या पिवळ्या विटेला १ गुण, मग हिरवीला ३, नारिंगीला ५, सगळ्यात वरच्या लालला ७. बॉलचा वेग पण कधी वाढणार ते ठरलेलं, चौथ्या टोल्याला, बाराव्या टोल्याला, मग नारिंगीला लागला की, लालला लागला की.

आणि खरी मजा म्हणजे बोगदा. एका कडेच्या विटा काढत काढत भोक पाडायचं आणि बॉल भिंतीच्या वर घालवायचा, मग तो छत आणि विटांच्या मध्ये स्वतःच ताड ताड करत सुटतो आणि आपण खाली हात बांधून बघत बसायचं. पण बनवणारे पण काय कच्चे नव्हते, लाल ओळ फोडून बॉल छताला लागला की तुझी पट्टी अर्धी! म्हणजे बॉल परत खाली येईल तेव्हा जीव मुठीत. इतका सरळ हिशोब मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसत नाही. गूगलच्या डीपमाइंडवाल्यांनी कॉम्प्युटरला नियम न सांगता, नुसता पडदा आणि स्कोअर दाखवून हा गेम शिकवला, २०१५ ला नेचर या विज्ञानपत्रिकेत छापून आलं होतं, तर त्यानं पण खेळून खेळून हीच बोगद्याची युक्ती काढली. आपण सायबरात तासाचे पैसे घालून शिकलो.

टेट्रिस पण दे, वरून पडणारे तुकडे बसवून ओळी भरायचा गेम. जत्रेत मिळायचा तो ब्रिक गेम आठव, दोन पेन्सिल सेलवाला, अंगावर ९९९९ इन १ असं ठळक छापलेलं आणि आत बघायला गेलं तर टेट्रिस, साप, रणगाडा, गाडी असले मोजके गेम, बाकी सगळे त्याचेच वेग आणि लेव्हल बदलून. बटण दाबलं की ती करकरीत पीं पीं. माझ्याकडचा अजून चालतो, राखाडी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन कायमचा मेलाय तेवढंच. टेट्रिस १९८४ ला मॉस्कोत पाजित्नोव नावाच्या प्रोग्रामरनं केला. जुन्यात उभी दांडी कधी येईल काय भरवसा नसायचा, वाट बघून बघून वर चढायचं, म्हणून माझ्या रीतीत तो थोडा कमी पडतो. आताच्या नव्यात मात्र सातही तुकडे एकेकदा दिल्याशिवाय परत येत नाहीत, त्यामुळं दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा तुकडे, त्याच्या पलीकडं नशिबाला बोल लावायची सोयच नाही. आणि त्या जुन्या निन्टेन्डो मशीनवरच्या टेट्रिसला १३ वर्षांच्या एका अमेरिकन पोरानं डिसेंबर २०२३ मध्ये लेव्हल १५७ ला पार गोठवून टाकलं, म्हणजे गेमच बंद पडला, हा व्हिडिओ तिला दाखव, खुश होईल.

माइनस्वीपर, तो चौकोनांखालचे सुरुंग चुकवायचा गेम, नको. मला आवडतो, पण शेवटी दोन चौकोन उरतात आणि डोळे मिटून एकावर बोट ठेवायचं, यात का हरलो ते कुणाला सांगणार?

पत्त्यांच्या सॉलिटेअरचं पण तेच, काही डाव सुटतच नाहीत. त्यापेक्षा फ्रीसेल घालून दे, तो पण पत्त्यांचाच. सगळी पानं पहिल्यापासून उघडी, लपवाछपवी नाही. आमची आई दुपारी दुकानात बसली की तेच खेळते, "हा गुलाम हितं कशाला अडकलाय" म्हणून पडद्याशी भांडते, आणि गिऱ्हाईक आलं तर "दोन मिनिटं थांबा अण्णा" म्हणते. जुन्या विंडोजच्या फ्रीसेलमध्ये नंबर टाकला की तोच डाव येतो, १ ते ३२०००, म्हणजे तू पुण्यात आणि पोरगी इथं बसून सुट्टीत तोच डाव लावून शर्यत लावू शकता.

गणपतीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, जुने गेम पेनड्राइव्हवर काढून ठेवतो, आणि तिला सांग काकाकडं ब्रिक गेम पण आहे. वहिनीला नमस्कार सांग. आणि हो, त्या ३२००० मध्ये ११९८२ नंबरचा डाव कुणालाच सुटत नाही, तो तिला पहिल्याच दिवशी देऊन मजा बघत बसू नकोस, तुझा स्वभाव मला माहिताय.

तुझाच,
वडगावकर