‘नुसती वाफ’ म्हणू नका

महोदय,

घरात फ्लू आला. आम्ही आठवड्यात उठलो. माझा १९ वर्षांचा मुलगा मात्र तीन आठवडे खोकत होता, रात्री उशीला टेकून बसायचा. त्याच्या बॅगेत वेप (ई-सिगारेट) सापडला तेव्हा म्हणाला, “आई, धूर नाही गं, नुसती वाफ आहे.”

त्या खोकल्याचं सगळं खापर मी वेपवर फोडणार नाही, पण ‘वाफ’ हा शब्दच फसवा आहे. सर्दीत घेतो तो वाफारा पाण्याचा. वेपमधून येतात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि बहुधा निकोटिन. श्वासनलिकेतले केसांसारखे बारीक तंतू कफासोबत विषाणूही बाहेर लोटतात. निकोटिन आणि काही स्वादांमुळे त्यांची हालचाल मंदावते. २०१९ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात तर निकोटिन नसलेल्या वाफेनेही फुप्फुसातल्या रक्षक पेशी बिघडल्या आणि फ्लू अधिक बळावला. ‘निकोटिन-फ्री’ वाचून निर्धास्त होणाऱ्या पालकांनो, हे वाचा.

मुलाने वेप स्वतःहून माझ्या हातात दिला आहे. सध्या त्याची चिडचिड होते, झोप लागत नाही. मी जवळ बसते. आपल्या आरोग्य पुरवणीत निकोटिन सोडण्याविषयी मुलांना कळेल असं डॉक्टरांचं लेखन यावं, ही कळकळीची विनंती.

— एक आई