जपानमधल्या रात्रींविषयी, चि. निनाद यास

चि. निनाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला प्रवासाचा आराखडा मी सावकाश वाचला. देवळे, बागा, संग्रहालये, शिनकानसेन या वेगवान रेल्वेच्या वेळा, सगळे व्यवस्थित मांडले आहेस. संध्याकाळी सातनंतरच्या रकान्यात मात्र प्रत्येक दिवशी ‘नाइटलाइफ’ एवढाच एक शब्द आहे. त्याचा अर्थ मला विचारावा लागत नाही. दुभाषी म्हणून जपानी माणसांच्या पिण्याच्या बैठकींत स्वतः ऊलाँग चहाचा पेला घेऊन बसण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला आहे. त्यामुळे त्या रकान्यात काय भरावे हे सांगण्याचा अधिकार या घरात माझ्याइतका कोणालाच नाही. तुझ्या बाबांचे मत वेगळे आहे, पण त्यांचा अनुभव एका बाजूचा आहे.

पहिली संध्याकाळ साध्या इझाकायात, म्हणजे पिण्याबरोबर छोटे पदार्थ देणाऱ्या तिथल्या खानावळीत घालवा, आणि तोही टोकियोतल्या गजबजलेल्या शिंजुकु किंवा शिबुयात न शोधता तुम्ही उतरणार आहात त्या स्टेशनाच्या आसपासच शोधा. दाराशी लाल कागदी कंदील आणि आत काउंटरवर ऑफिसातून परस्पर आलेली माणसे दिसली, की जागा बरोबर आहे असे समजावे. बसल्याबरोबर हात पुसायला ओला रुमाल येईल, आणि त्यामागोमाग न मागवलेली एक छोटी वाटी येईल. त्या वाटीत शिजवलेले समुद्री शेवाळ असेल, बटाट्याचे सॅलड असेल किंवा आणखी काही. हिला ओतोशी म्हणतात आणि तिचे माणशी साधारण तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. आपण मागवले नव्हते म्हणून त्यावरून वाद घालणारे प्रवासी मी पाहिले आहेत. वाद घालू नये. ते बसण्याचे भाडे आहे आणि त्या बदल्यात टिप द्यायची नसते. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर वाढणारा मुलगा ते परत द्यायला तुमच्यामागे रस्त्यावर पळत येईल.

पहिली फेरी बहुतेक टेबलांवर बिअरचीच असते, कारण ती सगळ्यांना एकदम आणि लवकर मिळते. सर्वांचे पेले येईपर्यंत कोणी ओठ लावत नाही. मग ‘कानपाई’ होते आणि त्यानंतर ज्याला जे हवे ते मागवतो. बाटली टेबलावर असेल तर आपला पेला आपण भरायचा नसतो. शेजाऱ्याचा आपण भरायचा आणि आपला तो भरतो. ओतताना बाटली दोन्ही हातांनी धरतात, लेबल वरच्या बाजूला राहील अशी, आणि घेणाराही पेला दोन्ही हातांनी उचलून पुढे करतो. वडीलधाऱ्या माणसाशी पेला भिडवताना आपला किंचित खाली धरावा. हे सगळे परक्या माणसाने केलेच पाहिजे असे नाही, पण केले तर शेजारचे काका लगेच बोलायला लागतात.

याच रिवाजातून एकदा घडलेला प्रकार सांगते. पुण्याहून गेलेल्या एका शिष्टमंडळातल्या गृहस्थांचा समज असा, की समोर ओतलेले संपवले नाही तर यजमानाचा अपमान होतो. आणि यजमानांची रीत अशी, की पाहुण्याचा पेला रिकामा राहू देणे हाच अपमान. आपल्याकडच्या पंगतीत पान रिकामे दिसले की वाढपी जसा पुन्हा येतो, तसे ते दोघे एकमेकांच्या सौजन्याचे बळी होत गेले, आणि अखेर मी मध्ये पडून गृहस्थांना मराठीत सांगितले, की पेला भरलेला तसाच समोर राहू द्या. ते त्यांना पटेना, पण त्यांनी ऐकले, आणि ओतणे त्याच क्षणी थांबले. तेव्हा पुरे झाले असे वाटले की पेला भरलेला ठेवायचा. तोंडाने नाही म्हणण्याची गरजही पडत नाही.

अजिबात प्यायचे नसेल तरी कोणाला अवघडल्यासारखे होत नाही. सुमारे चाळीस टक्के जपानी माणसांच्या शरीरात मद्याचे पचन करणारे एक विकर जन्मतःच दुर्बळ असते. अर्ध्या पेल्यात त्यांचे चेहरे लालबुंद होतात. त्यामुळे ‘मला चालत नाही’ हे वाक्य तिथे पूर्ण उत्तर मानले जाते. ऑफिसच्या आणि कॉलेजच्या मेजवान्यांत एकेकाळी तरुणांना एका दमात पेला संपवायला लावत असत आणि त्यात विद्यार्थी दगावलेलेही आहेत. अशा जबरदस्तीला आता उघडपणे छळ म्हटले जाते. शेजारच्या टेबलावर तशी चढाओढ सुरू झाली आणि उत्साहाने तुम्हालाही ओढू लागले, तर हसून हात जोडावेत आणि पाणी मागावे. पाणी, म्हणजे ओमिझु, सगळीकडे फुकट मिळते आणि साकेबरोबर, म्हणजे तांदळाच्या मद्याबरोबर, ते आलटून पालटून पिण्याची तिथली पद्धत आहे.

साकेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याच्यासाठीच खरे तर तिथे जावे. तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी नावाची बुरशी एवढ्यावर ते बनते. कोजी तांदळातल्या पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचे मद्य करत जाते. तांदळाचा दाणा बाहेरून घासून किती उरवला यावर प्रतवारी ठरते: साठ टक्के किंवा त्याहून कमी उरला तर गिंजो, पन्नास किंवा त्याहून कमी उरला तर दायगिंजो. महाग ते चांगले असे मात्र धरू नकोस. दायगिंजोचा फळांसारखा वास थंडच खुलतो, तर नोव्हेंबरच्या गारठ्यात कोमट करून घेतलेले साधे साके तळलेल्या किंवा भाजलेल्या पदार्थांबरोबर मला अधिक बरे वाटले आहे (चाखण्यापुरते, बाबांना सांगायची गरज नाही). काही ठिकाणी लाकडी चौकोनी पेटीत काचेचा पेला ठेवून साके पेल्यातून सांडून पेटीत उतरेल इतके ओततात. तो पेला लगेच उचलायचा नाही; आधी वाकून वरचा घोट घ्यायचा, मग पेला उचलायचा, आणि पेटीतले शेवटी. कोजी वापरून मद्य करण्याच्या या पारंपरिक कौशल्याला २०२४ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. क्योटोत असाल तेव्हा दक्षिणेकडच्या फुशिमी भागात एक दुपार द्या. पाणी चांगले म्हणून मद्यशाळा तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत.

हिशेब मात्र डोक्यात असू दे. सुरईतून येणारे १८० मिलिलिटर साके साधारण पंधरा टक्क्यांचे असते, म्हणजे अर्ध्या लिटर बिअरपेक्षा ते किंचित जास्तच आहे. शोचू, म्हणजे तिथले ऊर्ध्वपातित मद्य, सहसा पंचवीस टक्क्यांचा असतो, पण तो बहुधा पाणी किंवा सोडा घालून घेतात. सगळ्यांत फसवा प्रकार सुपरमार्केटात आणि चोवीस तास उघड्या दुकानांत मिळणारा डबा: लिंबू सरबतासारखा गोडसर लागणारा, स्वस्त, आणि नऊ टक्क्यांचा. अर्ध्या लिटरचा तो डबा अडीच सुरया नाही, पण दीडहून अधिक नक्कीच आहे, हे तुझ्या गणितज्ञ मित्राला दाखव. ठरावीक पैशांत दीड-दोन तास हवे तेवढे प्या, अशी नोमिहोदाईची योजना जागोजागी दिसेल. ती गटाने गप्पा मारणाऱ्यांसाठी आहे, पैसे वसूल करायला बसणाऱ्यांसाठी नव्हे.

समीर शाकाहारी आहे, म्हणून हे त्याला वाचून दाखव. इझाकायातल्या बहुतेक भाजीच्या पदार्थांतही बोनिटो माशाचे काढण असते आणि टोफूवर त्याच माशाचे पातळ कीस भुरभुरवतात. एदामामे, म्हणजे उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, लोणची, तळलेले बटाटे आणि साधा भाताचा गोळा एवढ्यावर संध्याकाळ निभते, पण रिकाम्या पोटी बसू नये. आधी जेवून निघालेलेच बरे.

आता काबुकिचोविषयी. शिंजुकु स्टेशनाच्या पूर्वेला झगमगत्या पाट्यांचा तो भाग तुम्ही पाहणारच, आणि पाहावाही. पण रस्त्यावर गोड इंग्रजीत ‘स्वस्त बिअर, छान जागा’ म्हणत चालणाऱ्याच्या मागे एक पाऊलही टाकायचे नाही, मग तो कितीही सज्जन दिसो. असे गिऱ्हाईक ओढणे तिथे बेकायदा आहे. त्याविरुद्ध ध्वनिक्षेपकांवरून सूचनाही चालू असतात आणि त्या सूचनांच्या खालीच ती माणसे उभी असतात. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोन बिअरचे बिल लाखभर येनवर जाते, आणि पेल्यात काही मिसळून कार्ड वापरल्याच्या तक्रारींवरून परदेशी वकिलातींनी काबुकिचो आणि रोप्पोंगी या भागांबद्दल आपापल्या नागरिकांना सावध केले आहे. पेला टेबलावर कोणाच्या नजरेशिवाय सोडून उठायचे नाही. असे काही घडले तर जवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत जावे. पोलिसांचा क्रमांक ११० आणि रुग्णवाहिकेचा ११९.

तिथून चालत पाच मिनिटांवर गोल्डन गाई आहे. सहा अरुंद बोळांत दोनशेहून अधिक बार आहेत आणि प्रत्येकात जेमतेम सहा-आठ माणसे मावतात. दारावरची पाटी आधी वाचा: बसण्याचे शुल्क पाचशे ते हजार येन, कधी अधिक, तिथे लिहिलेले असते. काही बार फक्त ओळखीच्यांसाठी असतात. दार उघडल्यावर मालकाने दोन हात फुलीसारखे धरले तर मनावर न घेता पुढच्या दाराशी जावे. तिघांनी एकदम घुसण्यापेक्षा दोघांनी जावे आणि एका पेल्यावर तासन्‌तास बसू नये. नेहमीच्या माणसांच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या बाटल्या मागच्या फळीवर असतील. त्या त्यांनी आधीच विकत घेऊन ठेवलेल्या असतात.

फुकुओकात मात्र तुम्ही एकच रात्र ठेवली आहे, ती दोन करा. नाकासुच्या नदीकाठी संध्याकाळी चाकांवरच्या गाड्या, म्हणजे यताई, उभ्या राहतात. शहरात त्या शंभराच्या आसपास आहेत आणि महापालिकेने २०१३ मध्ये नियम करून त्यांना परवाने दिले आहेत. दहा माणसांच्या बाकावर अनोळखी खांद्याला खांदा लावून बसायचे असते. जाण्याआधी हॉटेलातच प्रसाधनगृह उरकावे, आणि मागे कोणी ताटकळत असेल तर खाऊन उठावे. टोकियोच्या गुळगुळीत बारपेक्षा मला हेच आवडते.

परतीची वेळ हा तिथला खरा कायदा आहे. शेवटच्या गाड्या मध्यरात्र ते साडेबाराच्या सुमारास सुटतात आणि पहिली पाचच्या आसपास येते. रात्री दहा ते पहाटे पाच टॅक्सीला वीस टक्के जादा भाडे लागते. गाडी चुकलीच तर घाबरण्याचे कारण नाही. कराओकेच्या खोल्या रात्रभर मिळतात. हे यंत्र १९७१ मध्ये कोबेच्या दायसुके इनोउए यांनी बनवले आणि पेटंट घेतलेच नाही, हे तुम्ही भसाड्या आवाजात गाल तेव्हा आठवा. कॅप्सूल हॉटेलेही आहेत. पहिले १९७९ मध्ये ओसाकातच उघडले. फलाटावर टाय सैल करून झोपलेला कारकून दिसेल, त्याचा फोटो काढून कोणाला पाठवायचा नाही.

क्योटोत तुम्ही सायकली घेणार आहात, म्हणून कायद्याचे एक कलम सांगते. नोव्हेंबर २०२४ पासून मद्य घेऊन सायकल चालवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ज्याने मद्य पाजले किंवा सायकल दिली तोही सुटत नाही. शिबुयात स्टेशनाच्या परिसरात संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर पिण्यास बंदी आहे, वर्षभर. मद्याचे वय वीस आहे. २०२२ मध्ये सज्ञानाचे वय अठरा झाले तरी ते वीसच राहिले, तेव्हा पासपोर्ट खिशात ठेव.

बाबांसाठी साके आणणार असशील तर ७२० मिलिलिटरच्या दोन बाटल्या घे. भारतात प्रवाशाला दोन लिटरपर्यंत करमाफी आहे. ‘नामा’ लिहिलेली बाटली घेऊ नकोस, ती पाश्चर केलेली नसते आणि तिला सतत शीतकपाट लागते. बाटली मोठ्या सामानात कपड्यांत गुंडाळून ठेव, आणि दुकानदाराकडून भरल्याची तारीख विचारून घे. वर्षाच्या आतली असावी.

तुझी,
आई