अभ्यासिका आणि पाचची एसटी

महोदय,

तालुक्याच्या गावातील मुलींच्या एका छोट्या कला महाविद्यालयात मी तीन वर्षे शिकले. वर्गात आम्ही जेमतेम वीस-बावीस जणी होतो. त्यामुळे मराठीच्या बाई प्रत्येकीला नावाने हाक मारून कवितेच्या ओळीचा अर्थ विचारत, आणि घरात कधी चार वाक्ये सलग न बोललेल्या मुली वर्षअखेरीस वक्तृत्व स्पर्धेत न अडखळता बोलत. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिलांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले, त्यामागचा विचार मला त्या वर्गात बसल्यावर खऱ्या अर्थाने समजला. म्हणूनच अशा तुकड्या केवळ पटसंख्येअभावी बंद करण्याची भाषा कानावर आली की मन अस्वस्थ होते.

पट का घटतो, याचे एक कारण मी रोज अनुभवले आहे. आमची अभ्यासिका सायंकाळी सहापर्यंत उघडी असे, परंतु गावाकडची शेवटची एसटी पाचलाच सुटे; पावणेपाचला अर्धवट वाचलेल्या पानात दोरा घालून पुस्तक परत करायचे आणि स्थानकाकडे धावायचे, हा आमचा नेम. विद्यार्थिनींना मासिक पासात सवलत आहे, मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो, हे चांगलेच झाले. मात्र गाडीच वेळेवर नसेल, तर पालक मुलीला महाविद्यालयात पाठवण्यास कचरतात. आगार व्यवस्थापक आणि प्राचार्य यांनी एकत्र बसून किमान एक फेरी साडेसहाला ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक माजी विद्यार्थिनी