रिसेटचे बटण दाबण्याआधी

मा. संपादक,

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या औद्योगिक पट्ट्यांत आणि पिंपळगाव-दिंडोरीकडच्या शीतगृहांत बॉयलर, कॉम्प्रेसर, पंप आणि जनरेटर सांभाळणारा माणूस बहुधा वायरमन नसतो. त्याचे प्रमाणपत्र वाफेचे असते, किंवा कसलेच नसते. इलेक्ट्रिशियन दिवसपाळीला येतो. रात्रपाळीत 'पॅनेलला हात लावू नको' ही ताकीद आणि 'मशीन बंद पडता कामा नये' हा हुकूम, दोन्ही या एकाच माणसाच्या वाट्याला येतात. द्राक्षाच्या हंगामात प्रीकूलिंग (माल साठवण्याआधी थंड करणे) रात्रभर चालते, तेव्हा तर विचारूच नका. मोटर ट्रिप झाली की तो रिसेट दाबतो, कारण तेवढेच त्याला दाखवलेले असते. त्याला आणखी काय दाखवायला हवे, ते या पत्रातून मांडत आहोत.

ओव्हरलोड रिले, म्हणजे जादा भार आला की मोटर बंद करणारे उपकरण, उगाच ट्रिप होत नाही. आतली बायमेटलची पट्टी जादा करंटने तापून वाकते तेव्हाच तो सुटतो आणि ती निवायला काही मिनिटे लागतात. सुरू होताना मोटर पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट ओढते. म्हणजे घाईने दिलेला प्रत्येक रिसेट आधीच तापलेल्या वाइंडिंगला (मोटरच्या आतल्या तारांच्या वेटोळ्यांना) आणखी भाजतो. ट्रिप झाल्यावर आधी पॅनेलच्या दारावरच्या मीटरवर तिन्ही फेज पाहाव्यात. फेज-फेजमध्ये 415 व्होल्टच्या आसपास आणि तिन्ही जोड्यांत जवळपास सारखे व्होल्टेज हवे. एक फेज गेली असेल तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. भारावर चालताना गेली तर फिरत राहते, पण उरलेल्या दोन फेजमधून सुमारे पावणेदोन पट करंट जातो आणि वाइंडिंग जळते. तिन्ही फेज ठीक असतील तर पुरवठा तोडून, कुलूप लावून पंपाचा शाफ्ट हाताने फिरतो का ते पाहावे. मग एकदाच रिसेट करावे आणि क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेजचा करंट नेमप्लेटशी ताडावा. दुसऱ्यांदा ट्रिप झाली तर मशीन बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे, मग मध्यरात्र का असेना. आणि रिले नव्हे, एमसीसीबीच (पॅनेलचा मोठा सर्किट ब्रेकर) पडला असेल तर शॉर्ट किंवा अर्थ फॉल्टची शक्यता मोठी. केबल आणि मोटर मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासल्याशिवाय तो एकदाही वर करू नये. मेगर लावण्याआधी व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) तारा सोडवाव्यात, नाहीतर मेगरचे 500 व्होल्ट ड्राइव्हच मारून टाकतात.

रिलेच्या सेटिंगबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण रिवाइंडिंगला जाणाऱ्या मोटरींमागे हे कारण हमखास सापडते. 15 एचपीची, म्हणजे 11 किलोवॅटची मोटर 415 व्होल्टवर पूर्ण भाराला सुमारे 21 अँपिअर घेते. डीओएल स्टार्टरला (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणाऱ्या) रिले 21 वरच हवा. स्टार-डेल्टा स्टार्टरात (वाइंडिंगला आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) मात्र रिले बहुधा मेन कॉन्टॅक्टरखाली (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचखाली), वाइंडिंगच्या वाटेवर असतो आणि तिथून लाइन करंटच्या 58 टक्केच करंट जातो. म्हणून तिथे सेटिंग सुमारे 12 अँपिअर हवे. नेमप्लेट वाचून कोणी डायल 21 वर नेला, तर लाइनमध्ये 36 अँपिअर होईपर्यंत रिले ढिम्म हलत नाही. तोवर मोटर गेलेली असते. 'सारखी ट्रिप होते' म्हणून रात्री डायल वर सरकवणे हा याच चुकीचा दुसरा मार्ग. योग्य आकड्यावर डायलवर रंगाची खूण करावी आणि तोच आकडा दाराच्या आत लिहून ठेवावा.

स्टॉपचे बटण किंवा इमर्जन्सी स्टॉप म्हणजे पुरवठा तोडणे नव्हे. त्याने कॉन्टॅक्टर सुटतो, त्याच्या वरच्या बाजूला वीज तशीच असते. काम करायचे तर एमसीसीबी किंवा आयसोलेटर खाली करावा, स्वतःचे कुलूप लावावे, किल्ली खिशात ठेवावी, नाव आणि वेळ लिहिलेली पाटी अडकवावी. मग स्टार्ट दाबून पाहावे. त्यानंतर मल्टिमीटर आधी चालू पुरवठ्यावर तपासावा, मग कामाच्या जागी तिन्ही फेज आपसांत आणि प्रत्येक फेज अर्थशी मोजावी, आणि शेवटी मीटर पुन्हा चालू पुरवठ्यावर लावून तो शाबूत असल्याची खात्री करावी. खिशातल्या टेस्टरवर जीव सोपवू नये. तो माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटवर पेटतो. रबरी चटईवर उभे राहिले तर मिणमिणतो, उन्हात दिसतही नाही. व्हीएफडीच्या आत बंद केल्यावरही 585 व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. लेबलवर लिहिलेली मिनिटे थांबून प्लस-मायनसमध्ये मोजूनच हात घालावा. कपॅसिटर बँकेलाही हेच लागू. आणि महावितरणचा शटडाऊन आहे म्हणून पॅनेल उघडले, पण जनरेटर ऑटोवर राहिला, तर काही सेकंदांत तोच बसबार जिवंत होतो. आधी एएमएफचा (वीज गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलचा) सिलेक्टर ऑफ करून त्यालाही कुलूप लावावे.

बॉयलरचा प्रश्न याहून गंभीर आहे. पाणी कमी झाले की मोब्रे स्विचने (पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या तरंगत्या स्विचने) बर्नर किंवा फॅन बंद व्हायला हवेत. चेंबरमध्ये गाळ बसून स्विच खोटा ट्रिप देऊ लागला की टर्मिनलवर जंपर (स्विचला वगळणारी तार) मारला जातो. त्यावर उपाय चेंबरचा ब्लो-डाऊन, म्हणजे झडप उघडून गाळ बाहेर सोडणे, हाच आहे. प्रत्येक पाळीत तो सावकाश करून बर्नर खरोखर बंद होतो का, हे डोळ्यांनी पाहावे. दुसरा दोष जोडणीत असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरच्या 110 व्होल्टच्या बाजूचे एक टोक अर्थ केलेले असावे, सगळे सुरक्षा स्विच फ्यूजच्या बाजूला असावेत आणि कॉन्टॅक्टरची कॉइल थेट अर्थ केलेल्या टोकाला जोडलेली असावी. अशा जोडणीत वाफेने भिजलेली तार बॉडीला लागली तर फ्यूज उडतो आणि बॉयलर बंद पडतो. तेच मोब्रे कॉइल आणि अर्थच्या मध्ये जोडला असेल, तर अर्थ फॉल्ट त्या स्विचलाच बगल देतो. मग पाणी तळाला गेले तरी बर्नर पेटलेला राहतो आणि पॅनेल सगळे ठीक दाखवते. वार्षिक तपासणीला पॅनेलची ड्रॉइंग समोर ठेवून एवढी एक गोष्ट पाहावीच.

एमसीबी (छोटा सर्किट ब्रेकर) केबल वाचवतो, माणूस नव्हे. ओल्या हाताने 240 व्होल्टला स्पर्श झाला आणि शरीराचा रोध 1000 ओहम धरला, तर अंगातून 240 मिलिअँपिअर जातात. हृदय बंद पाडायला तेवढे पुष्कळ आहेत, पण 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही नसते. ग्राइंडर, उचलून नेता येणारे पंप, धुण्याच्या जागा इथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून पुरवठा तोडणारा ब्रेकर) हवा आणि त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला हवे. बॉयलरच्या ड्रममध्ये उतरताना हातदिवा 24 व्होल्टचाच घ्यावा आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवावा. पुरेशी सुरक्षासाधने नसतील तर बंदिस्त जागेत त्याहून जास्त व्होल्टेजचा हातदिवा वापरायला कारखाने अधिनियम, 1948 मनाई करतो. प्रत्येक मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ हवेत. आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण आहे, त्यामुळे पावसाळ्यात चांगला, म्हणजे कमी, रोध दाखवणारा अर्थ पिट मे महिन्यात कोरडा पडतो. मोजणी उन्हाळ्यातच करावी.

शॉक बसलेल्याला ओढण्याआधी पुरवठा तोडावा. श्वास नसेल तर 108 ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 दाब द्यावेत, प्रत्येक दाब पाच-सहा सेंटिमीटर खोल.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांनुसार विद्युत यंत्रणेवर काम करणाऱ्यांची रीतसर नेमणूक आणि नोंद लागते. रात्री रिसेट दाबणाऱ्याचे नाव त्या नोंदीत असते का, हे प्रत्येक कारखान्याने उघडून पाहावे. निमा, आयमा या उद्योजक संघटनांनी आणि सातपूरच्या शासकीय आयटीआयने मिळून ऑपरेटरांसाठी प्रत्यक्ष पॅनेलवर चार दिवसांचा वर्ग सुरू करावा, आणि तो पगारी वेळेत असावा. कंत्राटी कामगारही त्यात हवेत, कारण रात्रपाळीला तेच जास्त असतात. प्रत्येक बॉयलर हाउसमध्ये चांगल्या प्रतीचा मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि माणशी एक कुलूप द्यावे. 

– बॉयलर व युटिलिटी विभागांतील काही पर्यवेक्षक, अंबड, नाशिक