महिन्यातला एक तास वेळापत्रकात हवा

महोदय,

२०१० पासून दरवर्षी २७ ऑक्टोबरला जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिन साजरा होतो. आजार किंवा इजेनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत, यासाठीची ही उपचारपद्धती. त्या दिवशी व्याख्यानं होतात, ती हवीतच. पण माझं काम सुधारलं ते पाच-सहा सहकाऱ्यांच्या गटात बसून, आपापल्या अडलेल्या केस मांडून.

अर्धांगवायू झालेल्या एका पेशंटसाठी मी रात्री बांधायचा हाताचा स्प्लिंट, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, केला होता. माप चोख, मनगटाचा कोन बरोबर. तरी ते तो वापरत नव्हते आणि दर भेटीत मी त्यांना त्याचं महत्त्व समजावत होते. शेवटी तसाच स्प्लिंट गटात नेला. एका सहकारी मैत्रिणीने तो आपल्या डाव्या हातात घातला, तो हात मांडीवर निपचित ठेवला आणि नुसत्या उजव्या हाताने पट्टे आवळून पाहिले. पट्टा ओढला की स्प्लिंट सरकायचा. तिने विचारलं, "घरी बांधून द्यायला कोण असतं?" कोणीच नव्हतं. आणि मी त्यांच्या फाइलमध्ये 'सहकार्य कमी' असं लिहून बसले होते! पट्ट्याला कडी लावली. कडीतून ओवून मागे ओढला की तो एका हाताने आवळता येतो. पुढच्या भेटीत त्यांनी तो मला स्वतः बांधून दाखवला.

डॉक्टरांना ही रीत जुनी आहे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल आणि एनिड बालिंट या मनोविश्लेषकांनी फॅमिली डॉक्टरांचे असेच गट चालवले. तिथे डॉक्टर आपापल्या अडलेल्या केस मांडत.

आमच्या गटात पेशंटचं नाव घेत नाहीत. मांडणारी आधी बोलते, बाकीचे फक्त प्रश्न विचारतात, सल्ले नंतर. त्या केसचं काय झालं ते पुढच्या बैठकीत सांगायचं, हे मात्र बंधनकारक. वरिष्ठ समोर असले की चुका झाकल्या जातात, म्हणून गट बरोबरीच्यांचाच असावा, असं माझं ठाम मत आहे.

अडतं ते वेळेवर. पूर्वी एका ठिकाणी मला ऐकवलं गेलं, "गप्पा सुट्टीच्या दिवशी मारा." अनेक थेरपिस्ट आपल्या केंद्रात एकटेच असतात, शंका विचारायला शेजारी कोणी नसतं, त्यांना तर या गटांची गरज सर्वांत जास्त. विभागप्रमुखांना विनंती आहे, महिन्यातला एक तास वेळापत्रकात लिहून टाका आणि त्या तासाला पेशंट लावू नका.

– एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट